मतदार म्हणून आपलं काम नेमकं कुठे सुरू होतं? (नाशिक शहर, माहितीचा धागा)

गोदाकाठ (धागाकर्ता)

१५ जानेवारी २०२६ ला मनपाचं मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागले आणि टक्केवारीवर दोन दिवस काथ्याकूट होऊन विषय मिटला. याआधीची निवडणूक २०१७ ची. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि तिथून पुढे शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक निवडणुका घ्यायला सांगितलं तेव्हा कुठे सूत्रं हलली.

मतदान हे कर्तव्य आहे असं राज्यघटनेत कुठेही लिहिलेलं नाही. कलम ३२६ प्रौढ मताधिकार देतं, ६१ व्या घटनादुरुस्तीने वय २१ वरून १८ झालं. पण कलम ५१-क मधली मूलभूत कर्तव्यं वाचून बघा, त्यात मतदान नाही. गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी सक्तीच्या मतदानाचा कायदा केला होता, त्याला तिथल्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्थगिती दिली. म्हणजे सक्ती नाही. तरी निवडणूक कायदा उघडला की जागोजागी दिसतं, मतदार स्वतःहून काहीतरी करेल हे त्यात गृहीतच धरलंय. प्रारूप यादी हरकतींसाठी प्रसिद्ध होते. उमेदवाराचं शपथपत्र लोकांनी वाचावं म्हणून सूचनाफलकावर लागतं. खर्चाचा हिशेब नाममात्र फी भरून कोणीही पाहू शकतो. जातं कोण? बटण दाबणं हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग, आणि शाईचं बोट दाखवून आपण तेवढ्यावरच एकमेकांची पाठ थोपटतो.

या धाग्यावर कामाची माहिती गोळा करू. पायऱ्या, फॉर्म, कुठे अडतं, का अडतं. पक्षांची नावं आणि 'सगळे सारखेच' हे दोन्ही नको.

---

सातपूरकर

यादीपासून सुरू करतो, कारण निम्मा घोळ तिथेच असतो.

मनपाची स्वतःची मतदार यादी नसते. भारत निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी राज्य निवडणूक आयोग उचलतो आणि प्रभागांनुसार फोडतो. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी वापरली. त्यामुळे २ जुलैला १८ पूर्ण झालेल्या मुलाला जानेवारीत मत देता आलं नाही, मग त्याच्या हातात ओळखपत्र असो नसो.

प्रभागाची प्रारूप यादी लागली की लोक विभागीय कार्यालयात जाऊन 'माझं नाव घाला' म्हणतात आणि तिथला कर्मचारी नाही म्हटला की भांडतात. त्याच्या हातात ते नसतंच. त्या टप्प्यावर तीनच गोष्टींची हरकत चालते: विधानसभा यादीत नाव आहे पण प्रभागाच्या यादीत आलं नाही, नाव भलत्याच प्रभागात गेलं, किंवा लेखनिकाची चूक. नवं नाव घालायचं तर विधानसभेच्या यादीत, आणि तेही यादी गोठवण्याच्या तारखेआधी.

नाशिकमध्ये आणखी एक गोंधळ होतो. मनपाचा 'नाशिक पूर्व विभाग' आणि विधानसभेचा '१२३ नाशिक पूर्व' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंचवटी हा मनपाचा स्वतंत्र विभाग आहे, पण विधानसभेला तो नाशिक पूर्वमध्ये येतो. सिडको आणि सातपूर हे मनपाचे दोन विभाग, दोन्ही १२५ नाशिक पश्चिममध्ये. देवळाली कॅम्पला तर कटक मंडळ (कँटोन्मेंट बोर्ड) आहे, मनपाशी संबंधच नाही. अर्ज भरताना विधानसभेचा क्रमांक बघा. मनपा विभागाचं नाव बघून भरलेला अर्ज भलत्या टेबलावर जाऊन पडतो.

---

कॉलेजरोडची_मृण्मयी

वाचनखूण साठवली. एक शंका आहे. सिडकोतून पंचवटीत राहायला गेलेल्या कुटुंबाने काय करायचं? बरेच जण नव्या पत्त्यावर सरळ नवीन नोंदणी करतात. चालतं का ते?

---

सातपूरकर

चालत नाही ताई, आणि दुबार नावं मुख्यतः याच वाटेने तयार होतात.

फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यासाठी आहे. त्यात खाली घोषणा असते की माझं नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही. जुनं नाव सिडकोच्या यादीत असताना त्यावर सही केली तर ती खोटी घोषणा ठरते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५०, कलम ३१: एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कलम १७ आणि १८ नुसार एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच.

स्थलांतरासाठी फॉर्म ८. पत्ता बदल, नावातली दुरुस्ती, हरवलेलं ओळखपत्र, दिव्यांग म्हणून नोंद ही चारही कामं आता याच फॉर्मवर होतात. ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो आणि जुन्या जागचं नाव काढायची प्रक्रिया त्याच अर्जातून सुरू होते.

पत्त्याच्या पुराव्याला वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, आधार, बँक वा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत यातलं काहीही एक पुरतं. भाडेकरूचा अर्ज अडतो तो घरमालक करार नोंदवत नाही म्हणून. कुठलाच कागद नसला तरी अर्ज करा, बीएलओने (आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारा केंद्रस्तरीय अधिकारी) घरी येऊन खात्री करायची असते. आणि नुसता फ्लॅट नावावर आहे म्हणून तिथे मतदार होता येत नाही, तिथे राहावं लागतं (कलम २०). गुंतवणूक म्हणून पाथर्डी फाट्याला घेतलेल्या फ्लॅटवर मत नाही.

लग्न होऊन आलेल्या मुलींच्या बाबतीतही फॉर्म ८ च. माहेरी निफाडच्या यादीत एक आणि सासरी नाशिकरोडला दुसरं, अशी नावं फॉर्म ६ भरल्यानेच होतात. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला मात्र निवड आहे: घरचा पत्ता किंवा वसतिगृहाचा. दोन्ही नाही.

---

आकडेमोड

टक्केवारीबद्दल जरा बोलू द्या, कारण त्या आकड्याला फार मान मिळतो.

मतदानाचा टक्का म्हणजे झालेलं मतदान भागिले यादीतली नावं. खालच्या आकड्याकडे कोणी पाहतच नाही. मयत झालेल्यांची नावं, पुण्या-मुंबईला कायमचे गेलेले, एकाच माणसाच्या दोन नोंदी, हे सगळे 'मतदान न करणारे' म्हणून मोजले जातात. यादी जितकी घाण, तितका टक्का कमी दिसणार. 'सुशिक्षितांची उदासीनता' हा ठरलेला मथळा छापण्याआधी त्या वस्तीत भाडेकरू आणि बदलीची माणसं किती आहेत हे बघायला हवं. अशा ठिकाणी यादी लवकर शिळी होते.

यादी साफ ठेवणं हे एकट्या बीएलओचं काम समजू नका. त्याच्या मागे स्वतःची नोकरी असते, बहुतेकदा शाळेतली किंवा अंगणवाडीची. घरातलं माणूस गेलं की दाखला काढून बँक, विमा, पेन्शन सगळीकडे दिला जातो. मतदार यादीसाठी फॉर्म ७ भरून त्याच दाखल्याची एक प्रत जोडायची, की झालं. पैसे लागत नाहीत. हे काम राहतं, कारण त्यात कोणाचा फायदा अडकलेला नसतो.

---

पंचवटी_पॅसेंजर

आकडेमोड साहेब, यादी फुगलेली असते हे मान्य. पण त्याआड सगळेच लपतात. यादीत नाव आहे, केंद्र चालत पाच मिनिटांवर आहे, पगारी सुट्टी आहे आणि साहेब सुला वाइनला किंवा त्र्यंबकला. त्यांचं काय? लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १३५-ब खाली सुट्टी मतदानासाठी मिळते, सहलीसाठी नाही.

---

आकडेमोड

त्यांचं समर्थन नाहीच. फक्त ते किती आणि मयत किती हे वेगळं केल्याशिवाय दोघांना एका काठीने हाणू नका, एवढंच म्हणणं.

---

भाग_क्रमांक

यादी वाचायची कशी ते लिहितो. सोसायटीत दोघांनी बसून केलं तर तासाभराचं काम आहे.

मतदारसंघाची यादी भागांत विभागलेली असते, साधारण एक भाग म्हणजे एक मतदान केंद्र. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून भागाची पीडीएफ उतरवता येते. ती बहुतेकदा चित्ररूपात असते, त्यामुळे नाव टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही आणि लोकांना वाटतं नाव उडालं. पहिल्या पानावर केंद्राचं नाव आणि भागात येणारे रस्ते-वसाहती दिलेल्या असतात. आधी तिथे आपल्या सोसायटीचं नाव आहे का ते पाहा. पुढे प्रत्येक पानावर ३० नावं. वगळलेल्या नावावर शिक्का असतो आणि शेजारी एक इंग्रजी अक्षर: ई म्हणजे मयत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार, एम म्हणजे सापडत नाही, क्यू म्हणजे अपात्र. घरात व्यवस्थित राहणाऱ्या माणसाच्या नावापुढे एस किंवा एम दिसलं तर त्याच दिवशी हालचाल करा.

घर क्रमांकाच्या रकान्यात रेघ किंवा शून्य असेल तर एकाच इमारतीतली माणसं दोन-तीन भागांत विखुरतात. नवरा एका शाळेत, बायको दुसऱ्या. अर्ज भरताना तो रकाना रिकामा सोडल्याचा हा परिणाम. फॉर्म ८ ने दुरुस्त होतो.

ऑनलाइन शोधताना नावाने शोधू नका. श्रीकांत, श्रिकांत, श्रीकान्त, सगळे वेगळे धरले जातात. ओळखपत्राच्या क्रमांकाने शोधा.

तारखा: पूर्वी फक्त १ जानेवारी ही अर्हता तारीख (वय मोजायची तारीख) होती. २०२२ पासून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादी बंद (१९५० चा कायदा, कलम २३). नोटिशीचे सात दिवस आणि चौकशी धरून त्याच्या किमान दहा दिवस आधी अर्ज आत गेलेला हवा. प्रचाराचे भोंगे वाजायला लागल्यावर नाव घालायला निघालेला माणूस हमखास उशिरा पोचतो.

अर्ज फेटाळला तर कलम २४: पहिलं अपील १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे सीबीएसजवळ जुन्या आग्रा रोडवर. दुसरं ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. फेटाळल्याचा आदेश लेखी मागून घ्या, तो नसेल तर अपील कशावर करणार?

---

नाशिकरोड_जंक्शन

फॉर्म ७ चा गैरवापर होतो त्याचं काय? दुसऱ्याचं नाव उडवायला गठ्ठ्याने अर्ज देतात म्हणे.

---

भाग_क्रमांक

हरकत घेणारा त्याच मतदारसंघाचा मतदार हवा, आणि त्याचं नाव-क्रमांक अर्जावर येतो. गठ्ठा अर्ज घेऊ नयेत अशा सूचना आहेत. पक्षाचा बूथ प्रतिनिधी दिवसाला १० पर्यंत अर्ज देऊ शकतो, एकूण ३० च्या वर गेले की नोंदणी अधिकाऱ्याने स्वतः पडताळायचे. ज्याचं नाव काढायचं त्याला नोटीस जाते, पण ती यादीतल्या पत्त्यावर. पत्ता जुना असेल तर नोटीस जुन्या घरी आणि नाव गेलं. आलेल्या दाव्यांच्या आणि हरकतींच्या याद्या प्रसिद्ध होतात, त्या कोणालाही पाहता येतात. आपल्या भागात कोण कोणाचं नाव काढायला निघालंय ते त्यात दिसतं.

अवांतर: या वेळी संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापले होते. अशा मतदाराला कुठल्या केंद्रावर मत देणार ते विचारून तसं लिहून घ्यायचं होतं. काहींनी तारे बघून नाव रद्द झालं असं समजून जायचंच टाळलं. तारे म्हणजे रद्द नव्हे.

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

भाग_क्रमांक, उत्तम. आता शपथपत्रावर कोणीतरी लिहा.

---

सात_बारा

लिहितो, जरा लांब होईल.

विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराला फॉर्म २६ मध्ये शपथपत्र द्यावं लागतं. हे २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे आलं. त्याआधी उमेदवाराची मालमत्ता आणि गुन्हे जाणून घ्यायचा मतदाराला मार्गच नव्हता. २०१३ मध्ये न्यायालयाने आणखी सांगितलं की रकाने कोरे सोडता येणार नाहीत, 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं तरी लिहायलाच हवं. आयोगाच्या संकेतस्थळावर ही शपथपत्रं मिळतात. मनपाच्या उमेदवारांनाही शपथपत्र द्यावं लागतं, त्याचा नमुना राज्य आयोगाचा.

बहुतेक लोक एकच आकडा बघतात: एकूण मालमत्ता किती कोटी. त्यातून फार काही कळत नाही. असं वाचा.

त्याच माणसाची दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवा. स्थावर मालमत्तेच्या तक्त्यात गट क्रमांक, क्षेत्र, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत आणि आजची बाजारभावाची किंमत असे रकाने आहेत. जुन्याच जमिनीचा भाव वाढला की एकूण आकडा फुगतो, त्यात वावगं काही नाही. आडगाव-मखमलाबादकडे वडिलोपार्जित जमीन असलेला शेतकरी काही न करता कोट्यधीश दिसतो. बघायचं ते नवे गट क्रमांक. मधल्या पाच वर्षांत किती नवी खरेदी झाली, आणि ती कोणाच्या नावावर? तक्त्यात स्वतः, पती किंवा पत्नी, एकत्र कुटुंब आणि अवलंबित असे वेगळे स्तंभ असतात. मग वर जाऊन शेवटच्या पाच वर्षांच्या आयकर विवरणपत्रातलं उत्पन्न बघा. उत्पन्न चार-पाच लाख आणि खरेदी कोटींची, तर कर्जाच्या रकान्यात ते कुठून आलं हे दिसायला हवं. नसेल दिसत तर प्रचाराला दारात आल्यावर विचारायला हा प्रश्न चांगला आहे. मोघम 'विकास काय केला' पेक्षा कितीतरी चांगला.

देण्यांच्या भागात सरकारी थकबाकी असते: घरपट्टी, पाणीपट्टी, वीज, सरकारी निवासाचं भाडं. घरपट्टी थकवणारा माणूस आपल्या घरपट्टीचे दर ठरवायला निघालाय का, ते तिथे कळतं.

गुन्ह्यांचं तर लोक हमखास चुकीचं वाचतात. 'सात गुन्हे' ऐकून घाबरू नका आणि 'सगळे राजकीय आहेत' यावर विसंबूही नका. कलमं बघा. बेकायदा जमाव (जुनं १४३, आता भारतीय न्याय संहितेचं १८९) आणि आदेशाचा भंग (जुनं १८८, आता २२३) ही आंदोलनातली नेहमीची कलमं. फसवणूक (जुनं ४२०, आता ३१८), खंडणी, महिलांविरुद्धचे गुन्हे यांची जात वेगळी. पुढच्या रकान्यात दोषारोप निश्चित झाले का आणि कधी, ते असतं. नुसता गुन्हा दाखल होणं आणि न्यायालयाने दोषारोप ठेवणं यात मोठा फरक आहे. पक्षालाही अशा उमेदवाराला का निवडलं याची कारणं निवडीनंतर ४८ तासांत जाहीर करावी लागतात (२०२० आणि २०२१ चे निकाल). 'लोकप्रिय आहे', 'समाजसेवक आहे' छापाची कारणं वाचली की पक्ष मतदाराला काय समजतात ते कळतं.

खोट्या शपथपत्राला लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आपण वाचलंच नाही तर तक्रार करणार कोण?

---

कॉलेजरोडची_मृण्मयी

सात_बारा, हे छापून सोसायटीच्या फलकावर लावण्यासारखं आहे. निवडणुकीआधी हं, आचारसंहिता काळात फलकाचे वाद नकोत.

चार सदस्यांच्या प्रभागाबद्दल कोणी लिहिलं नाही. 'एकच माणूस ओळखीचा आहे, बाकी तिघांचं काय करायचं?' हा प्रश्न या वेळी सगळ्यांना पडला होता.

---

सातपूरकर

आपल्याकडे १२२ जागा, ३१ प्रभाग; २९ प्रभाग चार सदस्यांचे आणि उरलेले दोन प्रभाग तीन सदस्यांचे. चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार स्वतंत्र जागा, प्रत्येकीची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. प्रत्येक जागेला एक मत, म्हणजे चार बटणं. चारही झाल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही आणि शेवटचा लांब आवाज येत नाही. एक बटण दाबून बाहेर पडणाऱ्याला मतदान अधिकारी परत बोलावतो, रांग थांबते आणि मागचे बोंब मारतात. एखाद्या जागेला कोणीच नको असेल तर त्या जागेचा नोटा दाबायचा. चारही मतं एकाच पक्षाला द्यावी लागतात हा गैरसमज आहे, आणि प्रचारात तो कोणी दूर करत नाही, कारण चौघांच्या पॅनलला तो सोयीचा असतो.

मनपाच्या यंत्राला व्हीव्हीपॅट नव्हतं. त्यामुळे कागदाची चिठ्ठी दिसली नाही म्हणून तिथे तक्रार करून उपयोग नाही. विधानसभेला असते, आणि दाबलं एक, दिसलं भलतंच असं झालं तर नियम ४९-एमए खाली लेखी घोषणा देऊन चाचणी मत मागता येतं. दावा खोटा निघाला तर मात्र गुन्हा आहे, हे आधी समजून घ्या.

---

पंचवटी_पॅसेंजर

नोटाने फरक काय पडतो? २०१३ पासून आहे, निवडून यायचा तो येतोच.

---

सात_बारा

विधानसभा-लोकसभेत निकालावर काही परिणाम नाही, हे खरं. नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी त्याखालचा निवडून येतो. स्थानिक निवडणुकांत मात्र महाराष्ट्राच्या राज्य आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला: नोटाला त्या जागेवर सर्वांत जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक. फेरनिवडणुकीतही तेच झालं तर नोटा सोडून ज्याला जास्त तो विजयी. म्हणजे मनपात नोटाला थोडे दात आहेत. पण एकच अर्ज उरला तर उमेदवार बिनविरोध, मतदानच होत नाही, नोटा दाबायला यंत्रच नाही. माघारीच्या शेवटच्या दिवशी काय चाललंय यावर लक्ष ठेवायचं ते यासाठी.

---

नाशिकरोड_जंक्शन

मतदानाला गेलो आणि आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर? बहुतेक जण शिव्या देऊन घरी परततात.

---

भाग_क्रमांक

परतू नका. 'प्रदत्त मत' मागा. केंद्राध्यक्षाने ओळखीची खात्री करून कागदी मतपत्रिका द्यायची असते, ती वेगळ्या पाकिटात बंद होते आणि नोंद फॉर्म १७-बी मध्ये होते (नियम ४९-पी, लोकसभा-विधानसभेसाठी). मतमोजणीत ती धरत नाहीत, म्हणून लोक फायदा नाही म्हणतात. पण निकाल न्यायालयात गेला तर तीच पुरावा. राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात २००८ ला एका मताने निकाल लागला होता, तेव्हा प्रदत्त मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शिवाय नोंद झाली तर त्या केंद्रावर तोतयेगिरी झाली हे कागदावर राहतं. रागाने घरी गेलात तर सगळं सुरळीत झालं असाच अहवाल जातो.

समोरचा माणूस तोतया आहे अशी केंद्रातल्या मतदान प्रतिनिधीची खात्री असेल तर त्याने दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा. केंद्राध्यक्ष तिथेच चौकशी करतो.

आणि घरपोच आलेली मतदार चिठ्ठी हे ओळखपत्र नाही, २०१९ पासून नाही. ओळखपत्र नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटोचं पासबुक यातलं एक चालतं. उलट बाजूने, खिशात ओळखपत्र आहे पण यादीत नाव नाही, तर मत नाही. मोबाइलही आत नेता येत नाही.

---

आकडेमोड

'पाकीट घ्या, मत मनाप्रमाणे द्या' हा सल्ला फार चालतो, त्यावर दोन शब्द.

एक, भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये लाच देणारा आणि घेणारा दोघेही येतात, शिक्षा १७३ मध्ये, एक वर्षापर्यंत. दोन, तुमचं एकट्याचं मत गुप्त आहे, पण तुमच्या केंद्राचं नाही. निकालानंतर फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय आकडे येतात. कुठल्या वस्तीने किती दिलं ते उमेदवाराला कळतं. अनेक केंद्रांची मतं एकत्र करून मोजणारं टोटलायझर यंत्र विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात सुचवलं होतं, ते आजवर वापरात आलेलं नाही. म्हणजे पाकीट वाटणारा नुसता भरवशावर वाटत नाही, तो केंद्राचा आकडा तपासतो आणि पुढच्या वेळी दर ठरवतो. पैसे घेऊन फसवलं म्हणणारा मतदार बाजार बंद करत नाही, चालू ठेवतो.

तक्रारीला लोकसभा-विधानसभेच्या वेळी सी-व्हिजिल हे ॲप आहे. फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ त्याच ॲपमधून जागेवर काढावा लागतो, गॅलरीतला चालत नाही, आणि काढल्यावर पाच मिनिटांत पाठवावा लागतो. १०० मिनिटांत कारवाई अपेक्षित. व्हॉट्सॲपवर फिरलेला व्हिडिओ तिथे टाकता येत नाही म्हणून अनेक जण ॲपलाच नावं ठेवतात. ठिकाण आणि वेळ पक्की राहावी यासाठीच तसं केलंय.

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

आता निकालानंतरचं. पाच वर्षं कोण काय बघतं?

---

सातपूरकर

मनपाचं अंदाजपत्रक आयुक्त स्थायी समितीपुढे मांडतात, मग ते महासभेत जातं. सिंहस्थ तोंडावर आहे, कामांचा धडाका आहे, तेव्हा बघायला भरपूर आहे. आपल्या प्रभागातलं एकच काम निवडा, सगळं बघायला जाल तर काहीच बघून होत नाही. समजा गल्लीतला रस्ता. माहिती अधिकारात तीन कागद मागा: कार्यादेश, मंजूर अंदाजपत्रकाची प्रत आणि मोजमाप पुस्तिकेतली त्या कामाची पानं. सगळी गोम मोजमाप पुस्तिकेत असते. खडीचा थर किती जाडीचा, लांबी-रुंदी किती, आणि त्या मापावर बिल किती निघालं ते तिथे लिहिलेलं असतं. टेप घेऊन रस्त्याची लांबी-रुंदी मोजली की ताळा जमतो की नाही ते कळतं.

अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे दोन रुपये, उत्तर ३० दिवसांत, न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. महाराष्ट्राच्या नियमांत एक अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. निम्मे अर्ज इथेच मरतात: एका अर्जात रस्ता, गटार, पथदिवे आणि नगरसेवकाचं परदेश दौऱ्याचं बिल. 'का केलं नाही' असं विचारू नका, कारण मत किंवा खुलासा देणं बंधनकारक नाही. कागद मागा.

दुसरं, प्रभाग समिती आणि क्षेत्रसभा. मनपा कायद्यात कलम २९-ब पासून पुढे क्षेत्रसभेची तरतूद आहे, म्हणजे शहरातली ग्रामसभाच. खेड्यात ग्रामसभा निदान कागदावर तरी होते, शहरात क्षेत्रसभा नावालाही दिसत नाही. नगरसेवकाला लेखी विचारा की तुमच्या क्षेत्रसभेची तारीख काय. दहा सोसायट्यांनी लेटरहेडवर विचारलं तर उत्तर द्यावं लागेल.

---

कॉलेजरोडची_मृण्मयी

शेवटचा प्रश्न, घरात पंच्याऐंशी ओलांडलेलं माणूस असेल तर घरून मतदान कसं? आणि पदवीधर मतदारसंघाचं नाव विधानसभेच्या यादीवरून आपोआप येतं का?

---

भाग_क्रमांक

घरून मतदान लोकसभा-विधानसभेला. वय ८५ च्या वर, किंवा ४० टक्के वा जास्त दिव्यांगत्व. फॉर्म १२-डी अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यायचा, बीएलओ घरी आणून देतो. एकदा ही सोय घेतली की त्या निवडणुकीत केंद्रावर मत देता येत नाही, म्हणून मुलाबाळांनी परस्पर भरून टाकू नये, त्या आजी-आजोबांना विचारा. केंद्रावर जाऊन रांगेत पुढे जागा मिळवून मत देणं अनेकांना आवडतं.

पदवीधरचं नाव आपोआप येत नाही. ती यादी प्रत्येक निवडणुकीला शून्यापासून नवी बनते, मागच्या वेळचं नाव पुढे येत नाही. फॉर्म १८, शिक्षक मतदारसंघाला फॉर्म १९. अर्हता तारीख १ नोव्हेंबर, आणि त्याआधी पदवीला किमान तीन वर्षं झालेली हवीत. नाशिक विभागात नाशिकसह धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगर येतात. तिथे मतदान कागदावर, पसंतीक्रमाने. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेननेच १, २, ३ असे आकडे लिहायचे. खूण केली, 'एक' असं अक्षरात लिहिलं, स्वतःचं पेन वापरलं किंवा १ दोन नावांपुढे लिहिला की मत बाद. पदवीधरांच्या निवडणुकीत बाद मतांचे गठ्ठे निघतात ते याच कारणांनी.